सदोबांची मुंबई : प्रस्तावना

मालाड पूर्वेला दफ्तरी रोडवर महापालिकेचे एक रुग्णालय आहे, स. का. पाटील रुग्णालय. खाडीपलीकडच्या आमच्या मनोरी गावच्या माणसाला हे नाव ओळखीचे असते, कारण दुखणे गावात आवरले नाही की खाडी ओलांडून मार्वे, तिथून बसने मालाड आणि रेल्वेचा पूल चढून पूर्वेला, असा त्याचा ठरलेला रस्ता आहे. केसपेपरवर छापलेले हे स. का. पाटील कोण होते, हे मात्र त्या रांगेतल्या फार थोड्यांना सांगता येईल. चर्नी रोड स्थानकाजवळच्या स. का. पाटील उद्यानात बसणाऱ्यांचेही तसेच. उलट संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ज्यांच्या घरात जेवताना-खाताना बोलली गेली, अशा वयस्क मराठी माणसासमोर ‘सदोबा पाटील’ एवढेच म्हणावे, त्याचा चेहरा आजही कडवट होतो. एका पिढीकडे पाटी उरली, दुसरीकडे राग उरला. या दोहोंच्या मधला माणूस कुठेतरी गळून गेला आहे, आणि त्याला शोधण्यासाठी हे चरित्र लिहिले आहे.

सदाशिव कानोजी पाटील १९४९ ते १९५२ अशी लागोपाठ तीन वर्षे मुंबईचे महापौर होते. तीन वर्षांचे कसले एवढे कौतुक, असे आजच्या वाचकाला वाटेल. अमेरिकेत चार्ल्स्टन शहरात जोसेफ रायली १९७५ पासून २०१६ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे महापौर होते. शिकागोत रिचर्ड डेली १९५५ साली निवडून आले, त्यांना १९७६ मध्ये मृत्यूनेच खुर्चीवरून उठवले. त्या हिशेबात तीन वर्षे म्हणजे काहीच नाही. पण मुंबईचा महापौर ही चीजच वेगळी आहे, आणि ती समजल्याशिवाय पाटलांचे चरित्र हाती लागत नाही. म्हणून थोडे मागे जावे लागेल.

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा सगळा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती दिला होता. आर्थर क्रॉफर्ड हा तो कमिशनर. त्याने बाजार बांधले, गटारांची कामे काढली आणि पैसा असा उधळला की १८७१ मध्ये करदाते खवळून उठले. त्या गदारोळात तरुण फिरोजशहा मेहतांनी एक भूमिका मांडली. कारभार करणारा अधिकारी एकच असावा, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेल्या सभेचा अंकुश असावा, अशी ती भूमिका होती. १८७२ चा कायदा आला, चौसष्ट जणांचे सभागृह झाले, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. १८८८ च्या कायद्याने ही घडी पक्की केली. आजही मुंबई महापालिका चालते ती मुळात त्याच कायद्यावर. आयुक्त सरकार नेमते, कारभार तो करतो. महापौर सभागृह चालवतो, पाहुण्यांचे स्वागत करतो आणि नागरिकांचा पहिला प्रतिनिधी म्हणून मिरवतो. त्याच्या सहीने रस्ता होत नाही आणि त्याच्या हुकुमाने नळाला पाणी येत नाही. १९३१ पर्यंत तर त्याला महापौर हे नावही नव्हते, तो ‘प्रेसिडेंट’ होता आणि मुदत एका वर्षाची. पुढे अडीच वर्षे झाली एवढाच फरक. १९९८ मध्ये महापौर परिषद आणून त्याच्या हाती कारभार देण्याचा प्रयोग झाला, तोही वर्षभरात आटोपला.

या रचनेत दीर्घकाळ महापौर राहण्याची सोयच नाही. खुद्द फिरोजशहा १८७० च्या दशकापासून १९१५ मध्ये मरेपर्यंत सभागृहात होते आणि त्यांचा पुतळा आज महापालिकेच्या दारात उभा आहे. पण अध्यक्षपद त्यांना चारच वेळा मिळाले, १८८४, १८८५, १९०५ आणि १९११ मध्ये. आमच्या बेटाचे नाते सांगायचे तर काका बॅप्टिस्टांचे उदाहरण घ्यावे. माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ मध्ये जन्मलेल्या जोसेफ बॅप्टिस्टांचे वडील मूळचे उत्तनचे, म्हणजे मनोरी-गोराईच्या पलीकडचे. टिळकांच्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष, नाशिकच्या खटल्यात सावरकरांचे वकील, कामगारांच्या अखिल भारतीय काँग्रेसच्या झरियाच्या अधिवेशनाचे अध्यक्ष. महापालिकेत ते १९०१ मध्ये शिरले आणि अध्यक्ष झाले ते १९२५ मध्ये, एका वर्षासाठी. मुंबईत माणूस खुर्चीवर किती वर्षे बसला यावरून त्याचे शहरावरचे वजन मोजता येत नाही, हे या दोघांवरून कळावे. वजन दुसरीकडे कुठेतरी असते. पाटलांच्या बाबतीत ते काँग्रेसच्या कचेरीत होते.

सदोबा कोकणातले, सावंतवाडीच्या मुलखातले. १८९८ चा जन्म. गिरगाव-लालबागच्या चाळींमध्ये ज्या मुलखाने आपली माणसे पाठवली, चाकरमानी हा शब्द ज्या मुलखाने मुंबईला दिला, तिथलेच ते. गांधीजींच्या चळवळीत पडले, तुरुंग पाहिला आणि हळूहळू मुंबई प्रदेश काँग्रेसचे सरचिटणीस, मग अध्यक्ष झाले. ते विद्वान नव्हते, मोठे लेखकही नव्हते. संघटना हे त्यांचे क्षेत्र. कोणत्या वॉर्डात कोण उभा राहील, कोणाला समजावायचे, कोणाला गप्प बसवायचे, कोणत्या गिरणीमालकाकडून किती वर्गणी येईल, हे त्यांना माहीत असे. काँग्रेससाठी पैसा उभा करणारा माणूस म्हणून देशभर त्यांचे नाव झाले. संविधान सभेतही ते मुंबईतर्फे बसले.

१९४८ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा प्रौढ मताधिकारावर झाली. त्याआधी मत देण्यासाठी कर भरावा लागे, भाडे ठरावीक रकमेचे असावे लागे. आता चाळीतल्या बाईला आणि गिरणीतल्या कामगाराला मत मिळाले. या नव्या सभागृहाचा महापौर पुढच्याच वर्षी पाटील झाले. संघटना त्यांच्या हाती, सभागृहातले बहुमत संघटनेच्या हाती आणि महापौराची खुर्ची त्यांच्याखाली. शिकागोच्या डेलींनी पुढे हेच केले. कुक काउंटीच्या डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपद आणि महापौरपद त्यांनी एका माणसात एकत्र आणले आणि म्हणूनच वीस वर्षे त्यांना कोणी हलवू शकले नाही. मुंबईच्या कायद्याने महापौराला जे दिले नव्हते ते पाटलांनी पक्षाच्या वाटेने मिळवले. एरवी मुंबईचा महापौर दर वर्षी बदलायचा. शहरातले जातीधर्माचे गट आळीपाळीने मान घेत आणि सोडत. त्या चालीत लागोपाठ तीनदा निवडून येणे म्हणजे आळीपाळीची चालच मोडणे होते. शहरात त्यांना अनभिषिक्त राजा म्हणत. या उपाधीत आदर होता आणि धास्तीही होती.

आता या तीन वर्षांत काय घडले, ते सांगतो, कारण आमच्यासारख्या उपनगरातल्या लोकांचा संबंध तिथून सुरू होतो.

१९५० च्या एप्रिलमध्ये मुंबई माहीम-शीवच्या पलीकडे आली. तोपर्यंत महापालिकेची मुंबई म्हणजे बेट. वांद्रे, कुर्ला, विलेपार्ले-अंधेरी, जुहू, घाटकोपर-किरोळ या गावांच्या स्वतःच्या नगरपालिका होत्या, त्यांची स्वतःची घरपट्टी होती आणि स्वतःची भांडणे होती. त्या विसर्जित करून शहराची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत वाढवली गेली. हा निर्णय राज्य सरकारचा आणि विधिमंडळाच्या कायद्याचा. तो एकट्या पाटलांच्या नावे जमा करणे खोटेपणाचे होईल. पण नवी हद्द हाताळणारे सभागृह त्यांच्या अध्यक्षतेखाली होते. फाळणीनंतर निर्वासितांची रीघ लागलेली, गिरण्यांच्या आसपास झोपड्या वाढत चाललेल्या, आणि बेटावर जागा संपलेली. एन. व्ही. मोडक आणि अल्बर्ट मेयर या दोघांनी १९४८ मध्ये बृहन्मुंबईचा जो आराखडा मांडला, त्यात शहराने उत्तरेकडे वाढावे हे स्पष्ट होते. मोडक महापालिकेचेच अभियंता. पन्नासच्या दशकात वैतरणेवर जे धरण उभे राहिले, त्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले, मोडकसागर.

हद्द आणि पाणी या दोन गोष्टी मी या चरित्रात मुद्दाम सुट्या ठेवल्या नाहीत. मुंबईचा इतिहास पाण्यानेच लिहिता येतो. १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, मग वैतरणा. प्रत्येक वेळी शहर आपल्या हद्दीबाहेर हात लांबवते, दूरच्या खोऱ्यातले पाणी नळाने खाली आणते आणि मग त्या नळाच्या वाटेवरची गावे एकेक करून पोटात घेते. १९५७ मध्ये हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली, तेव्हा खाडीपलीकडचे मनोरीही मुंबई महापालिकेत आले. शेती, मिठागरे, ताडाची झाडे, मासेमारी आणि चर्चभोवतीची वस्ती असे ते गाव. कागदावर मुंबई झाले, पण खाडीवर पूल झाला नाही. आजही गाडीने यायचे तर भाईंदर-उत्तनचा वळसा घालावा लागतो, नाहीतर मार्व्याहून बोट. महापालिकेत आल्यानंतर घराची परवानगी, गावठाणाची रेघ, किनाऱ्यावरचे बंधन, कचरा, दिवे, सगळ्यासाठी मनोरीच्या माणसाला मालाडच्या पी-उत्तर विभागाच्या कचेरीत जावे लागले. गावाने मुंबईला मागितले नव्हते, मुंबईने गावाला घेतले. हे वाक्य मी तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. शहरात आल्याने शाळा आली, दवाखाना आला, महापालिकेसाठी मतदानाचा हक्क आला. पण ज्याने शहराची हद्द आखली त्याच्या मनात हद्दीवरच्या माणसाचे चित्र काय होते, हे विचारण्याचा हक्कही त्याच दिवशी आला.

पाटलांच्या मनातले चित्र मला जेवढे उमगले ते असे. त्यांच्या दृष्टीने मुंबई म्हणजे बंदर, कापड, शेअर बाजार, बँका, निरनिराळ्या भाषांचे व्यापारी आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी शिस्तबद्ध काँग्रेस. हे शहर कोणा एका भाषेचे होऊ नये, कारण तसे झाले तर भांडवल घाबरेल, हे त्यांचे प्रामाणिक मत होते. १९५१ च्या जनगणनेत मराठी बोलणारे अर्ध्याहून कमी भरले, याचा आधार ते आणि त्यांच्यासारखे अनेक जण घेत. त्या मतात शहराच्या अर्थकारणाची खरी जाण होती, हे मी मान्य करतो. पण या हिशेबातून एक गोष्ट सुटली होती. बंदरात गोणी उचलणारा, गिरणीत साचे चालवणारा, महापालिकेची गटारे उपसणारा आणि रात्रपाळीला जाणारा माणूस कोण होता आणि तो घरी कोणत्या भाषेत बोलत होता, याची नोंद त्या वहीत नव्हती. हा माणूस पाटलांच्याच मुलखातून आलेला होता, यामुळे ती चूक आणखी खोल जाते.

२० नोव्हेंबर १९५५, रविवार. गिरगाव चौपाटीवर मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल येऊन गेलेला, मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असा सूर दिल्लीत लागलेला, आणि समोर हजारो संतापलेली माणसे. त्या सभेत पाटलांनी मराठी माणसाला ऐकवले की पाच हजार वर्षे झाली तरी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला आणि पंधरा माणसे गेली. पुढच्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, पुन्हा गोळ्या चालल्या. चळवळीत एकूण शंभरावर माणसे मेली. फ्लोरा फाउंटनच्या त्या चौकाचे नाव आता हुतात्मा चौक आहे.

या प्रसंगाबद्दल मी मोकळेपणाने लिहिले आहे. पाटलांचे काही चाहते म्हणतात की ते एक वाक्य सोडून द्या, त्यांचे कामकाज बघा. मला हे पटत नाही. तीन वर्षे ज्याने शहराच्या पहिल्या नागरिकाची झूल अंगावर घेतली, त्याने त्याच शहराच्या बहुसंख्य श्रमकऱ्यांना असे बोलणे हे शब्दांचे घसरणे मानता येत नाही. ते त्याच्या शहराच्या कल्पनेतूनच आले होते. महापौर म्हणून त्यांना शहराच्या सीमा दिसत होत्या, उत्पन्न दिसत होते, पाण्याची गरज दिसत होती. लोकांचे मन त्यांना दिसत नव्हते, कारण पक्षाच्या यादीत मन असे सदर नसते. उलट आचार्य अत्र्यांनी आपल्या ‘मराठा’ दैनिकातून, जाहीर सभांतून त्यांच्यावर जे आसूड ओढले, त्यातून त्यांची जी प्रतिमा मराठी वाचकाच्या मनात कायमची ठसली, तीही पुरी खरी नव्हती. ‘सदोबा’ हे त्या प्रतिमेचे नाव. चरित्रकाराला या दोन्ही बाजूंपुढे झुकून चालणार नाही.

लोकांनी मात्र आपला निकाल वेळेत दिला. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबई महापालिका जिंकली. पाटलांनी जी खुर्ची तीन वर्षे सांभाळली, तिच्यावर समितीचे मोरेश्वर वासुदेव दोंदे बसले. त्यानंतर १९५८ मध्ये एस. एस. मिरजकर, मीरत कटाच्या खटल्यातले आरोपी आणि कम्युनिस्ट, मुंबईचे महापौर झाले. पाटलांच्या आयुष्यातला सर्वांत बोलका भाग मला हाच वाटतो, आणि यात ते स्वतः कुठेच नाहीत. त्याच १९५७ मध्ये मध्य मुंबईतून कम्युनिस्ट नेते डांगे प्रचंड मतांनी लोकसभेत गेले, पण दक्षिण मुंबईतून पाटील निवडून आलेच. शहराचे दोन भाग दोन भाषांत मतदान करत होते. दक्षिणेतल्या फोर्ट, मलबार हिल, काळबादेवीच्या मतदारांना पाटील हवे होते. परळ-लालबागला नको होते. १९६२ मध्येही दक्षिणेने त्यांना जपले.

दिल्लीचा काळ मी थोडक्यात उरकला आहे, कारण तो या पुस्तकाचा विषय नाही. पाटबंधारे आणि वीज, मग वाहतूक आणि दळणवळण, मग अन्न आणि शेती, आणि १९६४ पासून १९६७ पर्यंत रेल्वे, अशी खाती त्यांनी सांभाळली. अन्नमंत्री म्हणून ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांनी अमेरिकेशी पीएल-४८० चा मोठा करार केला. चार वर्षांत एक कोटी साठ लाख टन गहू आणि दहा लाख टन तांदूळ येणार होता. त्याच्या तीन दिवस आधी, १ मे रोजी, मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले होते. पाच हजार वर्षांचे भाकीत पाच वर्षांत संपले, तेव्हा भाकीत करणारा सातासमुद्रापलीकडे देशासाठी धान्य मिळवत होता. या दोन तारखा शेजारी ठेवल्याशिवाय या माणसाचा पूर्ण हिशेब लागत नाही. १९६३ मध्ये, ज्येष्ठ मंत्र्यांनी पदे सोडून पक्षकार्य करावे अशा कामराज योजनेत, त्यांनी मंत्रिपद सोडले, शास्त्रीजींच्या मंत्रिमंडळात परत आले.

मग १९६७. रेल्वेमंत्री, मुंबईचे तीनदा महापौर, तीन निवडणुका जिंकलेले पाटील दक्षिण मुंबईतून पुन्हा उभे राहिले, आणि समोर होते महापालिकेतलेच एक तरुण नगरसेवक, जॉर्ज फर्नांडिस. हॉटेलातली पोरे, टॅक्सीवाले, पालिकेचे कामगार अशा लोकांची संघटना बांधत ते १९६१ मध्ये सभागृहात आले होते. पाटील हरूच शकत नाहीत, हा समज फर्नांडिसांच्या प्रचाराने भिंतीभिंतीवरून खोडून काढला. तुम्ही पाटलांना पाडू शकता, एवढेच ते मतदारांना सांगत. देवालाही आपल्याला हरवता येणार नाही असे पाटील बोलले होते, असे सांगतात. त्या बोलण्याचा प्रचारात पुरेपूर वापर झाला. पाटील पडले. यात मला रस आहे तो एकाच गोष्टीत. ज्या महापालिकेच्या सभागृहाने पाटलांना मोठे केले, त्याच सभागृहातून त्यांना हरवणारा आला. शहराच्या तळातल्या ज्या माणसांची नोंद पाटलांच्या वहीत नव्हती, त्यांच्याच जोरावर तो आला. पुढे १९६९ मध्ये गुजरातच्या बनासकांठ्यातून पोटनिवडणुकीत ते लोकसभेत गेले, काँग्रेस फुटली तेव्हा जुन्या पुढाऱ्यांच्या सिंडिकेटच्या बाजूने राहिले, आणि राजकारणाच्या कडेला जात जात २४ मे १९८१ रोजी वारले. मुंबईने त्यांना पुन्हा निवडले नाही.

मनोरीसारख्या गावात बसून हे लिहिण्याचे कारण विचारले जाईल. एका महापौराचे चरित्र लिहायचे तर शहराच्या मध्यभागी, फोर्टमधल्या महापालिकेच्या त्या गॉथिक इमारतीत बसून लिहावे, असे कोणाला वाटेल. पण हद्दीवरून शहर अधिक नीट दिसते, असा माझा अनुभव आहे. मध्यभागी माणसाला सत्ता दिसते. हद्दीवर सत्तेचा परिणाम दिसतो. आमच्याकडे महापौराचे नाव पुलावर नसते, कारण पूलच नाही. नगरसेवक कोण आणि त्याने सभागृहात आमच्यासाठी तोंड उघडले का, हा प्रश्न मात्र रोजचा असतो.

आणि सध्या तो प्रश्न टोकदार झाला आहे. २०२१ मध्ये महापालिकेने मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प उभारायचे ठरवले. दररोज २० कोटी लिटर, पुढे ४० कोटी लिटरपर्यंत वाढवता येईल असा. विहार, तुळशी, तानसा, वैतरणा अशी दूरच्या खोऱ्यांतून पाणी आणणारी साखळी आता समुद्राकडे वळली आणि तिची पुढची कडी आमच्या किनाऱ्यावर आली. मासेमारी करणाऱ्यांना भीती आहे ती प्रकल्पातून परत समुद्रात जाणाऱ्या खारट पाण्याची, आणि जाळ्यांच्या वाटा बंद होण्याची. शहराला पाणी लागतेच, याबद्दल कोळीवाड्यातही कोणाचा वाद नाही. पण हा प्रश्न मांडायचा कुठे? मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षे ना सभागृह होते, ना महापौर. कारभार प्रशासकाकडे गेला. १८७१ मध्ये करदात्यांनी ज्या गोष्टीसाठी आवाज उठवला, तीच गोष्ट दीडशे वर्षांनी नसल्यासारखी झाली. मुंबईचा महापौर शोभेचा आहे, त्याच्या हाती काही नाही, असे आपण सहज म्हणतो. तो चार वर्षे नव्हता तेव्हा त्याची खुर्ची किती कामाची होती, हे आम्हाला खाडीपलीकडे बसून कळले. ज्याच्याकडे निवेदन घेऊन जावे, ज्याला सभागृहात उभे करून जाब विचारावा, असे कोणीच नव्हते. पाटलांवर आम्ही रागावू शकलो, कारण ते होते. त्यांना चौपाटीवर समोरासमोर विरोध करता आला, मतपेटीतून हरवता आले.

या पुस्तकात पाटलांना मोठे करण्याचा प्रयत्न नाही. त्यांच्या महापौरपदाच्या तीन वर्षांना मी सर्वांत जास्त पाने दिली आहेत आणि चौपाटीच्या त्या रविवारालाही तेवढीच दिली आहेत. सभागृहातले कामकाज वाचताना काही ठिकाणी कंटाळा येईल. घरपट्टीचे दर, नळजोडणीचे ठराव, नव्या हद्दीतल्या कर्मचाऱ्यांची सेवा कशी धरायची याचे वाद. ते मी काढून टाकलेले नाहीत, कारण महापौराचे खरे आयुष्य तिथेच जाते. ज्यांच्या घरी सदोबांचे नाव अजून रागाने घेतले जाते, त्यांनी हवे तर १९५५ चे प्रकरण आधी वाचावे. मात्र त्यानंतर १९५० च्या हद्दवाढीकडे परत यावे, आणि ते वाचताना मुंबईचा नकाशा जवळ ठेवावा, ज्यात मनोरी दिसते असा.